सोलापूर सेकंदाला ४४३ मीटर सरकतं

सिद्धेश्वर तलावाच्या काठावर हातात जीपीएस घेऊन उभे राहा. पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटतात ते ज्या संदेशांच्या जोरावर, त्यातला अगदी जवळचा संदेशसुद्धा सुमारे २०,२०० किलोमीटर वरून निघालेला असतो. प्रकाशाच्या वेगाने तो खाली येतो, तरी त्याला ६७ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण पृथ्वी थांबलेली नसते. सोलापूरच्या अक्षांशावरचं वर्तुळ जवळपास ३८,२०० किलोमीटरचं आहे आणि ते चोवीस तासांहून थोड्या कमी वेळात पुरं फिरतं. म्हणजे तलाव, देऊळ, किल्ला आणि तुम्ही, सगळे सेकंदाला ४४३ मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेले आहात. संदेश वाटेत असतानाच सोलापूर तीस मीटर पुढे गेलेलं असतं. यंत्राने हे तीस मीटर हिशेबात धरले नाहीत, तर तुम्ही झुडूप सोडून भलत्याच ठिकाणी शोधत बसाल.

झुडूप म्हणायचं कारण जिओकॅशिंग. कुणीतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा, असा हा खेळ. जीपीएस अमेरिकेच्या लष्कराचं. नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक त्यांनी २ मे २००० रोजी काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी गफलत एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या एका रानात काळी बादली ठेवली आणि तिचा ठिकाणा कळवला: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. आज जगभर असे तीस लाखांवर डबे आहेत.

त्या आकड्यातल्या दशांश चिन्हानंतरच्या तीन स्थळांकडे जरा थांबून बघा. खेळाची सगळी गंमत तिथे आहे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सोलापुरात उत्तर-दक्षिण १.८४ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.७७ मीटर. एका सतरंजीएवढा चौकोन. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. त्यात असे साडेचारशे कोटींहून अधिक चौकोन बसतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. म्हणजे माणशी हजारावर चौकोन आले. अख्ख्या पृथ्वीवर या पद्धतीने २३३ लाख कोटी वेगवेगळे पत्ते लिहिता येतात. त्यातल्या नेमक्या एका पत्त्यावर तुम्हाला जाऊन वाकायचं असतं.

म्हणूनच नवं यंत्र हातात आल्यावर सर्वांत आधी सेटअपमध्ये जाऊन ‘पोझिशन फॉरमॅट’ बघावा. जिओकॅशिंगला अंश आणि दशांश मिनिटं लागतात. फोनवरचे नकाशे बहुधा नुसते दशांश अंश दाखवतात. समजा डबा उत्तर १७° ४०.०००', पूर्व ७५° ५४.०००' इथे आहे, म्हणजे सोलापूर शहरात. घाईत तुम्ही १७.४० आणि ७५.५४ असे अंश भरले. आकडे तेच, फक्त चिन्हाची जागा चुकली. यंत्र तक्रार करणार नाही, बाण मुकाट्याने दाखवील. तुम्ही दक्षिणेला साडेएकोणतीस आणि पश्चिमेला अडतीस किलोमीटर जाल, सरळ रेषेत ४८ किलोमीटर, पार मंगळवेढ्याच्या बाजूला. उपग्रहांनी मीटर-मीटर जपलेला असतो आणि एका टिंबापायी अर्धा जिल्हा पालथा पडतो.

दुसरी नोंद ‘मॅप डेटम’, म्हणजे अक्षांश-रेखांशांसाठी धरलेला पृथ्वीचा आकार. ती ‘डब्ल्यूजीएस ८४’ अशीच लावायची असते, एवढं सांगून पुस्तिका मोकळ्या होतात. पण आपल्याकडे या एका ओळीमागे दोनशे वर्षांचे कष्ट आहेत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासेत हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत ते उत्तरेकडे सरकत राहिले. जानेवारी १८२३ मध्ये ते वारले ते आपल्या विदर्भात, हिंगणघाटला. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम पुढे नेलं आणि १८३० साली पृथ्वीचा आकार मांडला. विषुववृत्तापाशी त्यांची त्रिज्या आजच्या आकड्यापेक्षा साडेआठशे मीटरच्या आसपास कमी भरली. चौसष्ट लाख मीटरच्या त्रिज्येत फक्त साडेआठशेची चूक, तीही साखळ्या आणि दुर्बिणींच्या बळावर! मला हा आकडा उपग्रहांच्या कुठल्याही आकड्याइतकाच थोर वाटतो.

भारताचे जुने टोपोशीट याच एव्हरेस्ट पृष्ठभागावर बेतलेले आहेत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४वर आणले. तुमच्या यंत्रात डेटमच्या यादीत ‘इंडियन’ हे नाव दिसेल आणि आपण भारतात आहोत म्हणून ते निवडावंसं वाटेल. ते निवडलंत तर सोलापुरात शंभर मीटरहून जास्त चुकाल. जुना टोपोशीट समोर असेल तरच ते वापरायचं.

घड्याळ तुम्हाला लावावं लागत नाही. फक्त टाइम झोन +५:३० असू द्या. पण वेळेचे आकडे डोकं गरगरवणारे आहेत. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, त्यामुळे वेळेतली तेवढी चूक म्हणजे अंतरातली तेवढी चूक. म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. सेकंदाची व्याख्याच मुळी सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे. त्यात आइन्स्टाइन यांचे दोन्ही सिद्धान्त एकदम लागू पडतात: वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ रोज ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. बेरीज-वजाबाकी करून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. एवढ्याशा वेळेत प्रकाश अकरा किलोमीटर कापतो. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित मंद लावून वर पाठवतात. तुमच्या हातातल्या यंत्रात मात्र साधा क्वार्ट्झ असतो. त्याची चूक हे चौथं अज्ञात मानून समीकरण सोडवलं जातं. जागेसाठी तीन उपग्रह पुरले असते, पण घड्याळासाठी किमान चौथा लागतो तो याचमुळे.

आणि हा सगळा व्यवहार किती क्षीण आवाजात चालतो! एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला एखाद-दुसरा भाग तुमच्या अँटेनापर्यंत पोचतो. यंत्राचा स्वतःचा विद्युत गोंगाट याहून कितीतरी मोठा असतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भोंगे, पाळणे, पिपाण्या एकाच वेळी वाजत असताना घरच्या माणसाची हाक कानाला कळते, कारण तो सूर आधीपासून ओळखीचा असतो. यंत्रही तसंच करतं. प्रत्येक उपग्रहाचा १,०२३ चिन्हांचा ठरलेला संकेत त्याला पाठ असतो. तो संकेत सेकंदाला हजार वेळा येतो आणि यंत्र तो जुळवून पाहत राहतं.

संकेतावर बसून येणारी माहिती मात्र सावकाश येते, सेकंदाला फक्त ५० बिट. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक जेमतेम पाच किलोबाइटचं असतं, पण ते पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून नवीन, किंवा बरेच महिने बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा गच्चीवर, उघड्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं नुसतं ठेवून द्यावं. घरात बसून ‘सिग्नलच येत नाही’ म्हणणारे इथेच फसतात.

मेनूत ‘वास/इग्नॉस’ असं काही दिसलं तर तेही चालू करा. नावं अमेरिकेची नि युरोपची असली, तरी इथे त्यातून आपलं ‘गगन’ मिळतं. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी उभारलेली ही यंत्रणा देशभरच्या १५ केंद्रांवर चूक मोजते आणि दुरुस्ती ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहांमार्फत पाठवते. आपल्याला तिची गरज जास्त. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचा आयनांबराचा थर दाट आणि चंचल असतो. दुपारी तो संदेशाला दहा-दहा मीटर आणि त्याहूनही अधिक उशीर लावतो. डबा शोधायला सकाळची वेळ उत्तम.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं, असा खेळाचा नियम आहे. त्या हिशेबाने सोलापूर महापालिकेच्या १७८.५७ चौरस किलोमीटरमध्ये कागदावर आठ हजार डबे बसतील. प्रत्यक्षात किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूत, देवळात, रेल्वेच्या हद्दीत किंवा नान्नजच्या माळढोकांच्या माळावर एकही ठेवू नये. आणि यंत्र विकत घेताना हेही पाहा: उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं मॉडेल भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही. फक्त ऐकणारं यंत्र घ्या.

सगळं लावून झालं की सोलापूर स्थानकाच्या फलाटाच्या टोकाला जा. तिथल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. यंत्राची उंची तिच्याशी ताडून पाहा. उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते, म्हणून दहा-पंधरा मीटरचा फरक चालेल. फरक सत्तरच्या घरात गेला, तर यंत्र समुद्रसपाटीऐवजी गणिती पृष्ठभागापासून मोजतं आहे असं समजा आणि पुन्हा सेटअप उघडा.