बघणारा, वाटणारा आणि ॲडमिन

लेखमाला : तालुक्याचं इंटरनेट (भाग सहावा)

गेल्या भागात डब्याच्या आत डोकावलो होतो. जुन्या असेंबल्ड पीसीला एसएसडी लावली की त्याचं आयुष्य कसं वाढतं, ते पाहिलं. या वेळी त्या डब्यात आणि खिशातल्या मोबाईलमध्ये लोक काय भरतात आणि त्यातल्या कशाला कायदा हरकत घेतो, ते पाहू.

उमरखेडचं गणित जरा वेगळं आहे. जिल्हा यवतमाळ, विभाग अमरावती, लोकसभा मतदारसंघ हिंगोली. आणि मोठा दवाखाना, कापडखरेदी, नीटचे क्लास म्हटलं की पावलं वळतात नांदेडकडे. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. टूजीच्या काळात इथे फाईलसुद्धा एसटीने यायची. नांदेडला शिकणारा कोणाचा तरी भाऊ शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन घरी आला, की रविवारी तो सिनेमा चार गल्ल्यांत पोचलेला असे. ज्याला असा भाऊ नव्हता, त्याच्यासाठी मोबाईल शॉपी होती. रिचार्ज, स्क्रीन गार्ड आणि ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. कार्ड द्यायचं, यादी सांगायची, चहा पिऊन यायचं. काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर फोल्डर तयारच असत : मराठी, हिंदी, साउथ डब, भीमगीतं, डीजे रिमिक्स. 29 एप्रिल 2016 रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याही चोरट्या कॉप्या फिरल्या. चित्रपटाने तरीही पन्नास कोटींचा टप्पा ओलांडला, मराठीत पहिल्यांदाच. मग ‘बघा, कॉपीने काही बुडत नाही’ असं म्हणायला लोक मोकळे! पण ज्या मराठी सिनेमांना थिएटरात दुसरा आठवडाही मिळत नाही, त्यांना ‘सैराट’चा हिशेब लावण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि कार्ड भरण्याचा धंदा बसला. सवय मात्र टेलिग्रामवर गेली.

या बाबतीत गावात दोन समज घट्ट आहेत. एक, ‘सगळेच करतात, कोण पकडतंय?’ दुसरा, ‘नुसतं बघितलं तरी आत टाकतात.’ दोन्ही चूक.

दुसऱ्या समजाला कारण झाली सरकारी भाषाच. ऑगस्ट 2016 मध्ये बंद केलेली वेबसाइट उघडली, की पडद्यावर इशारा यायचा : ही सामग्री पाहणं, डाउनलोड करणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशभर घबराट उडाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्याच महिन्यात स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर खेळ लावणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. तेव्हा फौजदारी कायदा मुख्यतः वाटणाऱ्याला शोधतो. बघणाऱ्याला नव्हे.

आणि वाटणारा सापडला, तर प्रकरण हलकं नाही. कॉपीराइट कायदा 1957 सालचा. त्याच्या कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केला तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. 20 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो’ प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. महाराष्ट्रात याहून कडक तरतूद आहे. पैनगंगेकाठच्या वाचकाला ‘एमपीडीए’ हा शब्द बहुधा रेतीच्या बातम्यांतून ठाऊक असेल. 1981 च्या या कायद्याच्या यादीत झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि वाळूतस्करांच्या जोडीला ‘व्हिडिओ पायरेट’ही आहे. खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्याची मुभा तो देतो. सिनेमाची सीडी विकणाऱ्याला हातभट्टीवाल्याच्या रांगेत उभं करणं मला तरी अति वाटतं. पण कायदा आहे तो असा आहे.

आता ‘मी वाटत नाही, फक्त घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी टोरंटची गोष्ट. ब्रॅम कोहेन या प्रोग्रामरने 2001 मध्ये बिटटोरंट आणलं. यात फाईलचे बारीक तुकडे होतात आणि ते एका ठिकाणाहून न येता, ज्या ज्या माणसांकडे ते आहेत त्या सगळ्यांकडून येतात. तुमच्याकडे एक तुकडा पोचला, की तुमचा कॉम्प्युटर लगेच तो पुढच्या माणसाला देऊ लागतो. पंगतीत बसलेल्याने जेवता जेवताच आपल्या पानातलं शेजाऱ्याला वाढावं, तसं. टोरंट लावून झोपलेला माणूस रात्रभर वितरण करत असतो आणि त्याचा आयपी ॲड्रेस त्या पंगतीतल्या प्रत्येकाला दिसतो. टोरंट हे तंत्र म्हणून बेकायदा नाही. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या अधिकृतपणे तशाच वाटल्या जातात. त्यातून काय वाढलं जातं, हा प्रश्न.

उमरखेडसारख्या गावात आज खरी उलाढाल सिनेमाची नाही, पीडीएफची आहे. नांदेडच्या क्लासच्या छापील नोट्स, एमपीएससीची पुस्तकं, टेस्ट सिरीज. कोणीतरी एक संच विकत घेतो, मोबाईलवर स्कॅन करतो आणि ग्रुपवर टाकतो. टाकणाऱ्याला वाटतं आपण गरिबाच्या पोराची सेवा केली. त्यात तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही; क्लासची फी बापाच्या सोयाबीनच्या पैशात बसत नाही, हे खरंच आहे. पण नीतू सिंग या शिक्षिकेच्या व्याख्यानांच्या नि पुस्तकांच्या कॉप्या टेलिग्रामच्या चॅनेलवर फिरू लागल्या, तेव्हा त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 30 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील देण्याचा आदेश दिला. आपला डेटा सिंगापूरला आहे, ही कंपनीची सबब चालली नाही. पुढे तिने ॲडमिनची नावं, फोन नंबर, आयपी ॲड्रेस न्यायालयाला दिले. टोपणनाव घेतलं की आपण सापडत नाही, असं मानणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

याउलट, कॉपीराइट कायद्याच्याच कलम 52 मध्ये स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त वापराची सूट आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठे विदेशी प्रकाशक न्यायालयात गेले होते. पुस्तकांतली निवडक प्रकरणं अभ्यासक्रमासाठी एकत्र करून झेरॉक्स देणं चालतं, असा निकाल 2016 मध्ये लागला. सरसकट सगळं पुस्तक हजार जणांच्या ग्रुपवर टाकणं हा त्या सवलतीचा अर्थ नव्हे.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांकडे वळू. पेजमेकर, कोरल, फोटोशॉप : क्रॅक मारलेलं. विंडोजही तसलंच. मराठी फाँटच्या श्रीलिपीला कंपनी हार्डवेअर लॉक देते. त्यावरही तोड शोधणारे कमी नाहीत. कलम 63-ब खास यांच्यासाठी आहे. चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, वर दंड. इथेही कायदा कमाई बघतो. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद न देता 50 हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरी शिकणाऱ्या पोराला ही सवलत मिळू शकते, फ्लेक्सवाल्याला नाही. माझं मत विचाराल तर शिक्षेपेक्षा मोठा धोका क्रॅकसोबत येणाऱ्या व्हायरसचा आहे. मार्चअखेरीला सगळ्या फाईल लॉक झाल्या की दुकानदाराला परवान्याची किंमत कळते. इंकस्केप, जिम्प, लिबरऑफिस फुकट आहेत, आणि युनिकोड मराठी त्यांत चालतं.

गेमचं काय? मार्च 2019 मध्ये शेजारच्या हिंगोलीत रुळांजवळ पबजीत गढलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. त्याच महिन्यात गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी गेमवर बंदीचा आदेश काढून खेळणाऱ्या पोरांना अटकही केली. आपल्याकडे तसं झालं नाही. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने 118 ॲप बंद केली, त्यात पबजी होतं. पण आयटी कायद्याच्या कलम 69-अ खालची ती कारवाई देशाच्या सुरक्षेच्या आणि डेटाच्या कारणाने होती, पोरांच्या अभ्यासासाठी नव्हे. पैशांच्या गेमचा कायदा त्यानंतरचा. जुलै 2025 मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळतात, असं सांगत फिरलेल्या व्हिडिओवरून वादळ उठलं. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं, त्यांचं खातं मात्र बदललं गेलं. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा तालुक्यात बसून रीलमध्ये ‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणणाऱ्या हौशी स्टारने स्वतःला खेळाडू समजू नये. तो जाहिरातदार ठरतो.

नुसतं बघणं गुन्हा नाही, याला एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्यं बघणं, डाउनलोड करणं हाच गुन्हा आहे, आयटी कायद्याच्या 67-ब खाली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जवळ ठेवण्याबाबतही कडक भूमिका घेतली. तिथे ‘मी पुढे पाठवलं नाही’ हा बचाव चालत नाही.

राहिला ग्रुपचा ॲडमिन. यवतमाळ जिल्हा नागपूर खंडपीठाखाली येतो, आणि या खंडपीठाचाच निकाल आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. 1 मार्च 2021 रोजी खंडपीठाने तो रद्द केला. दोघांचा आधीपासून समान हेतू असल्याचं दाखवता आलं नाही, तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन जबाबदार नाही. मात्र ॲडमिन स्वतःच रोज नोट्सची पीडीएफ टाकत असेल, तर या निकालाचा त्याला उपयोग नाही.

ज्यांना फाईल वाटल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी भरपूर माल मोकळा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षांनी पुस्तकाचा हक्क संपतो. महात्मा फुले, हरि नारायण आपटे कधीचेच मोकळे झाले. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. म्हणजे ‘श्यामची आई’सह त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून सगळ्यांचं आहे. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं आहेत. छापा, आवाजात वाचून रेकॉर्ड करा, हव्या त्या ग्रुपवर टाका. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या भागात : ओटीपी, बनावट लिंक आणि 1930 हा क्रमांक.