दोघींच्या अंगणवाडीत तक्रार समिती कुठली?

गटाच्या बैठकीत बँकेचं, बियाण्याचं, लग्नकार्याचं बोलणं होतं. पण आपल्याच गटातली एखादी अंगणवाडी मदतनीस, आशा ताई किंवा शाळेत खिचडी शिजवणारी बाई गप्प गप्प असते. “काय झालं गं?” विचारलं तर म्हणते, “काही नाही, साहेब जरा तसेच आहेत.” या ‘तसेच आहेत’बद्दल आज बोलू.

पहिल्यांदा हे समजून घेऊ, की कायदा आला कुठून. राजस्थानात जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरीदेवी नावाची बाई सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ म्हणून काम करायची. आपल्या आशा ताईसारखीच, गावातलीच, थोड्या मानधनावर. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. खालच्या कोर्टात आरोपी सुटले. पण महिला संघटनांनी विचारलं, की बाई सरकारी कामावर असताना तिच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची? त्यावर 13 ऑगस्ट 1997 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निकालात नियम घालून दिले. पुढे 2013 साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. म्हणजे हा कायदा काही शहरातल्या मोठ्या ऑफिसातून आलेला नाही. तो एका खेड्यातल्या बाईच्या दुःखातून आला आहे.

आता छळ म्हणजे काय? नको असताना अंगाला हात लावणं, शरीरसुखाची मागणी करणं, घाणेरडं बोलणं, मोबाईलवर अश्लील चित्रं दाखवणं, किंवा नको असलेलं असंच दुसरं कुठलंही बोलणं, वागणं, इशारे. “माझं ऐकलं नाही तर मानधनाचा कागद अडकवीन” अशी धमकी त्याला जोडून आली, तर तीही यातच धरतात.

बऱ्याच जणी म्हणतात, “आम्ही काय कर्मचारी आहोत का? आम्हाला तर मानधन मिळतं.” सख्यांनो, या कायद्यात पगारी, कंत्राटी, रोजंदारी, मानधनावरची आणि स्वयंसेवक म्हणून काम करणारी, सगळ्या येतात. घरकाम करणारी बाईसुद्धा येते. कामासाठी ज्या ठिकाणी जावं लागतं, ते ठिकाणही कामाची जागा धरतात. आशा ताई गृहभेटीला गेली, ते घरसुद्धा.

ज्या कार्यालयात 10 किंवा जास्त लोक काम करतात, तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची, म्हणजे कार्यालयाच्या दबावात नसलेली. समिती केलीच नाही, तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

पण अंगणवाडीत तर सेविका आणि मदतनीस अशा दोघीच. मग? ज्या प्रकल्प कार्यालयाच्या किंवा आरोग्य केंद्राच्या हाताखाली काम चालतं, तिथे समिती आहे का, हे आधी विचारायचं. 10 पेक्षा कमी माणसं असल्यामुळे समिती नसेल, किंवा तक्रार कार्यालयाच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. प्रत्येक जिल्ह्यात ती असावी लागते. तिची अध्यक्ष समाजकार्यातली जाणती बाई असते. तालुक्यात काम करणाऱ्या बायांपैकी एक सदस्य असते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली एक तरी बाई तिच्यात घ्यावीच लागते. हे मुद्दाम ठेवलं आहे. तांड्यावरची बाई, वस्तीवरची बाई समोर बसली, की आपल्यातली कोणीतरी ऐकते आहे हा धीर तिला मिळावा.

त्यासाठी दर वेळी वाशिमला जिल्ह्याच्या ठिकाणी धावायची गरज नाही. रिसोड असो, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा की मानोरा, प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने ती 7 दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. तहसील कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात त्याचं नाव विचारा.

तक्रार कशी करायची?

घटना घडल्यापासून 3 महिन्यांच्या आत लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. तारीख, जागा, कोण काय बोललं, कोणी पाहिलं, हे साध्या भाषेत लिहायचं. मेसेज असतील तर पुसू नका. सहा प्रती काढा, पोच घ्या. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे.

चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तोवर त्या माणसासोबत काम करणं नको असेल, तर दोघांपैकी एकाची बदली किंवा बाईला 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तिची नेहमीची रजा त्यात कापली जात नाही. तडजोड फक्त बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैसे घेऊन नाही. समितीसमोर वकील आणता येत नाही, त्यामुळे समोरच्याने मोठा वकील आणला तर, ही भीती नको. बाईचं नाव बाहेर फोडायला मनाई आहे. आणि पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलं आहे.

पोलिसांत जायचा हक्क वेगळा आहे. तिला जायचं असेल तर कार्यालयाने मदत करायची असते. तातडीला 112, महिला मदतीसाठी 181, आणि मोफत वकिलासाठी 15100 हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. मोफत कायदेशीर मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही.

आता गटाने काय करायचं? एकटी बाई विचारायला गेली, की “हिचंच काहीतरी असेल” म्हणतात. म्हणून कोणाचं काही घडायच्या आधीच सगळ्यांनी मिळून विचारायचं. आरोग्य केंद्रात, पंचायत समितीत, प्रकल्प कार्यालयात ग्रामसंघाच्या नावाने साधं पत्र द्या: समितीत कोण कोण आहे, आणि त्यांची नावं दर्शनी भागात का लावली नाहीत? ती लावणं बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही, तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. समितीला दर वर्षी अहवाल द्यावा लागतो, तोही मागा.

पत्र गेलं, की कार्यालयाला कळतं, बाया विचारतात. आणि गप्प बसलेल्या त्या सखीलाही कळतं, की आपण बोललो तर मागे कोणीतरी उभं आहे. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा, आणि पत्रावर पहिली सही कोण करणार ते तिथेच ठरवा.