अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर

आज मध्य प्रदेशच्या व्यापम परीक्षा घोटाळ्यातल्या 'इंजन-बोगी' कॉपीवर लिहायचं ठरलं होतं. ते राहू द्या पुढच्या आठवड्याला. ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून एका काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "परीक्षेतल्या फर्जी पोरांबद्दल एवढं लिहिताय, पण फॉर्मवर फोटो असायचा, त्यावर सही-शिक्का असायचा. मग कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मला आमचे नानामामा आठवले. राजपत्रित अधिकारी, त्याच बाजारात माडीवर राहायचे. फॉर्म भरायचे दिवस आले की जिन्यात चपलांचा ढीग. मामा मूळ अंकसूची मागून घ्यायचे, नकलेशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवायचे. मग पोराला खिडकीशी उभं करायचे, "तोंड वर कर." फोटो, तोंड, पुन्हा फोटो. हिरव्या शाईची सही अशी ओढायचे की तिची शेपटी फोटोवरून कागदावर उतरायची; शिक्काही अर्धा इकडे, अर्धा तिकडे. फोटो उपटून कुणी दुसरा डकवला, तर गोलाची कड जुळायची नाही. एका पोराने मधल्या काळात मिशी काढली होती. "मिशी वाढवून ये, नाहीतर नवा फोटो आण," म्हणून त्याला जिन्यावरूनच परत धाडलं.

पण काकू, शिक्का पकडतो ती कागदावरची अदलाबदल. व्यापमच्या पीएमटीत, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत, फोटो बदलला तो कागदावर नव्हे, प्रवेशपत्राच्या नोंदीत, आणि तोही आतल्याच माणसांच्या संगनमताने. परीक्षेपुरता तिथे सॉल्व्हरचा, म्हणजे उमेदवाराच्या नावावर पेपर लिहिणाऱ्याचा, फोटो. पेपर आटोपला की पुन्हा मूळ उमेदवाराचा. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाने चेहरा ताडून पाहिला, तो जुळला. पुढे कॉलेजातल्या बाबूने ताडून पाहिला, तोही जुळला. दोघांनी काम चोख केलं. मामा असते तर त्यांनीही हिरवी सही ठोकलीच असती.

जाता जाता एक तक्रार. अशा सॉल्व्हरला सगळे 'मुन्नाभाई' म्हणतात. २००३च्या त्या सिनेमात मुन्ना दुसऱ्याकडून पेपर लिहून घेतो. स्वतः कुणाचा लिहायला जात नाही. म्हणजे नाव उलट्या माणसाला चिकटलं. पण आता ते निघायचं नाही.

मग हे सॉल्व्हर पकडले कसे? ६ आणि ७ जुलै २०१३च्या मधल्या रात्री इंदूरच्या पोलिसांनी २० जण धरले. दुसऱ्यांच्या नावावर पेपर द्यायला आलेले. त्यांतले १७ उत्तर प्रदेशातले. परगावचा माणूस परीक्षेच्या आदल्या रात्री कुठेतरी उतरणारच. मागाहून जुनी प्रकरणं उकरली, तेव्हा हस्ताक्षर कामी आलं. फोटो जागेवर परत ठेवता येतो, पण उत्तरपत्रिकेवर दुसऱ्याच्या हाताने गिरवलेलं अक्षर कोण परत आणणार? आपल्या गजराराजा मेडिकल कॉलेजातली पोरंही त्या तपासात सापडली.

१३ फेब्रुवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने ज्या ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठेवले, त्यांची गोष्ट मात्र निराळी. फोटो त्यांचाच, अक्षर त्यांचंच, बाकावरही तेच बसले होते. त्यांना अडकवलं त्यांच्या चुकलेल्या उत्तरांनी. पुढच्या बाकावरच्याचं जे चुकलं, तेच नेमकं यांचंही चुकलं होतं. हीच ती इंजन-बोगी. तर काकू, तिच्यावर आता नक्की पुढच्या आठवड्यात.