तांब्यावर कोरलेला आवाज

दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फझ फेस’ या गिटार पेडलच्या पोटात मुख्य सामान एवढेच होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ते चालायचे. जिमी हेंड्रिक्सने ते पायाखाली घेतले आणि इलेक्ट्रिक गिटार कसकशी बोलू शकते हे जगाला ऐकू आले. हे अकरा भाग किंवा त्यांच्या जागी चालणारे भाग आज बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूर, चिखली अशा गावांत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे थोडक्या पैशांत मिळू शकतात. मिळत नाही ती एकच वस्तू. या अकरा भागांना नेमके जोडणारा, याच सर्किटसाठी आखलेला बोर्ड. तो स्वतः करावा लागतो आणि घरच्या घरी करता येतो.

पेडल करते काय, ते आधी पाहू. गिटारच्या तारेखाली बसवलेल्या पिकअपमधून अगदी क्षीण सिग्नल निघतो. फझ त्याला इतका वाढवतो की बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये तो मावत नाही आणि लाटेचे माथे छाटले जातात. गोल लाट चौकोनी होऊ लागली की मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा मोठा जमाव उठतो. साधी तार सनई-तुतारीच्या जातीची धार घेऊन वाजते आणि स्वर लांबतो.

फझ पेडलचा जन्म एका बिघाडातून झाला. नॅशव्हिलच्या स्टुडिओत गायक मार्टी रॉबिन्सच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू होते. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता. मिक्सरचा एक चॅनेल नादुरुस्त झाला आणि त्याच्या वादनातून फाटका, गुरगुरणारा आवाज आला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये रेकॉर्ड गाजली. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये मुद्दाम घडवून आणला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते सर्किट ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ते एका गाण्यात वापरले आणि दुकानांतला साठा संपला.

बोर्डाची गोष्ट याहून जुनी आहे. पूर्वी रेडिओत प्रत्येक भाग तारेने दुसऱ्या भागाशी जोडलेला असे. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास छापील सर्किटवर चालणारा रेडिओ करून दाखवला. तारा जोडत बसण्याऐवजी अख्ख्या शीटवर तांब्याचा थर घ्यायचा, हवे तेवढे तांबे झाकायचे आणि उरलेले रसायनात विरघळवून काढायचे, ही त्याची वाट. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरले गेले आणि युद्धानंतर असे बोर्ड घरोघरच्या रेडिओत पोहोचले. आज शेगावच्या एखाद्या खोलीत कोणी विद्यार्थी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये बोर्ड हलवत बसला, तर तो आयस्लरचीच रीत पाळत असतो.

आपल्याकडे या कामाला लागणारी अर्धी पूर्वतयारी आधीच झालेली आहे. लाऊडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या डब्यात ५२००–१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या असतात, ६२८३ आयसीचे बोर्ड असतात आणि बास-ट्रेबलसाठी ४५५८ हा आठ पायांचा आयसी असतो. हाच ४५५८ जपानच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या १९७९ च्या सुमाराच्या जगप्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलचा प्राण आहे. त्यात लाटेचे माथे छाटणारे डायोडही आपल्या १एन४१४८ च्याच जातीचे. गिटारची पाव इंची पिन जिथे खुपसतात तो जॅक आपल्या बाजारात ‘पी-३८’ म्हणून मागितला की दुकानदार लगेच काढून देतो. विमानाने मागवलेल्या पेडलमधले सामान आणि मिरवणुकीच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले सामान बऱ्याच अंशी एकच आहे.

फझ पेडल फक्त गिटारवाल्यांचे आहे असेही नाही. मुंबई-कोकणातल्या पार्ट्यांत गाजणारा बेंजो मूळचा जपानचा. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये केलेले ‘ताइशोगोतो’ हे वाद्य भारतात आले आणि बुलबुलतरंग, बेंजो या नावांनी आपले झाले. मिरवणुकीतल्या बेंजोलाही तारेखाली पिकअप बसवतात. म्हणून गिटारसाठी केलेला फझ त्यालाही लागू पडतो.

आता प्रत्यक्ष काम. कोरी शीट दोन प्रकारची मिळते. तपकिरी, कागदाची, जिला बाजारात हायलम म्हणतात. आणि फिकट हिरवट-पिवळी ग्लास इपॉक्सी. हायलम स्वस्त आहे आणि कापायला-भोक पाडायला सोपी आहे, पण जास्त तापवली की तिच्यावरचा तांब्याचा ट्रॅक उचकटतो. ग्लास इपॉक्सी टिकाऊ आहे, पण ड्रिलची साधी बिट तिच्यावर लवकर बोथट होते. दोन्हींवर तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचा. सगळा आवाज एवढ्या पातळ थरातून वाहणार असतो.

पूर्वी सर्किटचे चित्र कार्बन पेपरने तांब्यावर उतरवत आणि बारीक ब्रशने ऑइलपेंट किंवा नेलपेंटने ट्रॅक रंगवत. आता लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्सच्या टोनरने काम होते, कारण टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची भुकटी. चित्र गुळगुळीत चकचकीत कागदावर छापायचे. तांब्याची बाजू भांडी घासायच्या हिरव्या जाळीने लख्ख घासून थिनरने पुसायची, बोटाचा ठसाही उरू द्यायचा नाही. मग कागद पालथा ठेवून वाफ न सोडणारी कोरडी इस्त्री दाबायची. टोनर वितळून तांब्याला धरतो. पाण्यात भिजवून कागद चोळून काढला की काळे ट्रॅक तांब्यावर उमटलेले दिसतात. तुटलेली जागा सीडीवर लिहायच्या मार्करने भरून घ्यायची. एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात हवी: कागदावरचे चित्र तांब्यावर उलटते. म्हणून भाग बसवायच्या बाजूने पाहिलेले चित्र जसेच्या तसे छापायचे. इथे गफलत झाली तर आयसीचे पाय उलट्या क्रमाने येतात आणि पुढचे सगळे श्रम वाया जातात.

यानंतर फेरिक क्लोराइड. पूड पाण्यात थोडी थोडी टाकायची, पुडीवर पाणी कधीच ओतायचे नाही. द्रावण तापते आणि घशाला झोंबणारी वाफ निघते. भांडे प्लास्टिकचे, खोली हवेशीर, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. कोमट द्रावणात ट्रे हलवत राहिले तर उघडे तांबे साधारण दहा ते तीस मिनिटांत विरघळते आणि टोनरखालचे वाचते. घाई करून लवकर काढले तर ट्रॅकमध्ये तांब्याचे पूल उरतात. फार वेळ ठेवले तर द्रावण टोनरच्या कडेखाली शिरून ट्रॅक कुरतडते.

वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते. ते मोरीत, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणे म्हणजे पाण्याचा आणि मातीचा घात. द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येते. अगदी थकले की धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून ते निष्प्रभ करायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि तो वाळवून बंद डब्यात वेगळा ठेवायचा, म्हणजे घातक कचरा घेणाऱ्याकडे देता येतो. ज्याला एवढी शिस्त पाळायची नाही त्याने हे काम हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोर्ड धुण्याच्या पायरीवर आपल्या जिल्ह्याचा भूगोल कामात उतरतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूंना जमिनीतले पाणी अनेक ठिकाणी खारे आहे. अशा पाण्याने बोर्ड धुऊन तसाच वाळवला तर क्षार मागे राहतात. ते दमट हवेत ओल धरतात, तांब्याला खातात आणि दोन ट्रॅकमध्ये सूक्ष्म गळती सुरू करतात. दिव्याच्या सर्किटमध्ये हे कळणारही नाही. फझमध्ये मात्र सिग्नल शेकडो पटींनी वाढतो, त्यामुळे हीच गळती पावसाळ्यात खरखर बनून बाहेर येते. उपाय सोपा आहे: शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करायचे, बोर्ड पूर्ण वाळवायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात द्यायचा. राळेमुळे तांबे काळे पडत नाही आणि सोल्डरही नीट धरते.

मग भोके पाडायची. रेझिस्टर-कपॅसिटरच्या पायांना ०.८ मिलिमीटर, जाड पायांना एक मिलिमीटर. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क हवाच. सोल्डरच्या तारेत शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

या कलेचा खरा कस मात्र इस्त्रीच्या आणि ट्रेच्या आधीच, आखणीत लागतो. सर्किटची आकृती फक्त कोण कोणाशी जोडलेला आहे एवढेच सांगते. कोण कोणाच्या शेजारी बसेल हे बोर्ड ठरवतो आणि आवाजाला शेजार कळतो. इनपुटचा ट्रॅक आउटपुटजवळून नेला तर वाढलेला सिग्नल परत मागे झिरपतो आणि पेडल आपोआप शिट्टी मारू लागते. ग्राउंड अरुंद, वळणावळणाचा ठेवला तर ५० हर्ट्झच्या विजेची घरघर त्यात शिरायला वाव मिळतो. म्हणून इनपुट आखूड, इनपुट-आउटपुट दोन टोकांना, ग्राउंड रुंद. घरगुती पद्धतीला ट्रॅक एक मिलिमीटरच्या आसपास आणि पॅड दोन मिलिमीटरचे ठेवलेले बरे. बॅटरी उलटी लागली तर सर्किट वाचवायला एक डायोड आणि पाय दाबताना ‘फट्’ आवाज येऊ नये म्हणून इनपुटला एक मेगाओहमचा रेझिस्टर, एवढी दूरदृष्टी पहिल्याच बोर्डात असावी.

ट्रान्झिस्टर निवडतानाही घाटावर आणि घाटाखाली हा भेद आठवतो. मूळ फझ फेस जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालत असे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवला. तो जुन्या रेडिओंत असे, म्हणून भंगारातल्या रेडिओत आजही सापडू शकतो. त्याचा आवाज मऊ आणि गोड असतो. पण जर्मेनियमची गळती दर दहा अंश तापमान वाढले की साधारण दुप्पट होते. २५ अंशांना नीट लावलेले पेडल मे महिन्यात खामगावच्या ४५ अंशांत वाजवले तर गळती चौपट झालेली असते आणि आवाज घुसमटून तुटू लागतो. घाटावर बुलढाण्याच्या गार संध्याकाळी तेच पेडल पुन्हा शहाण्यासारखे वागते. यावर दोन वाटा आहेत. एक, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा रेझिस्टर काढून तिथे प्रीसेट बसवायचा आणि मल्टीमीटरवर साडेचार व्होल्टच्या आसपास येईपर्यंत फिरवायचा. ऋतू बदलला की पुन्हा पाहायचे. दुसरी, बीसी १४८ किंवा बीसी ५४९ सारखा सिलिकॉन ट्रान्झिस्टर वापरायचा. त्याला उन्हाची फारशी फिकीर नसते, आवाज मात्र जास्त धारदार होतो. एसी १२८ पीएनपी असल्याने त्याच्या मूळ सर्किटमध्ये बॅटरीचे धन टोक ग्राउंडला असते, म्हणून इतर पेडलबरोबर एकच अ‍ॅडॉप्टर त्याला चालत नाही, हेही विसरता कामा नये.

तयार बोर्ड जाड पत्र्याच्या डब्यात बसवायचा. भिंतीत बसवायचा जीआय स्विच-बॉक्स झाकण लावून उत्तम चालतो. धातू ग्राउंडला जोडला की बाहेरची घरघर अडते. आवाज आलाच नाही तर घाबरायचे कारण नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला एक कपॅसिटर लावलेली तार जोडायची आणि तिचे टोक सर्किटमध्ये इनपुटपासून एकेका जोडावर टेकवत जायचे. आवाज जिथे नाहीसा होतो तिथे दोष. इथे सर्किट कानाने वाचता येते.

आज संगणकावर आखणी करून कारखान्यातून सुबक बोर्ड मागवता येतात आणि पन्नास पेडल करायची असतील तर तेच शहाणपणाचे. पण एकच पेडल हवे असेल, वादक समोर बसून ‘थोडा कमी फाटू दे’ म्हणत असेल, तर संध्याकाळी बदललेली आखणी रात्री वाजवून पाहता येणे याची किंमत वेगळी आहे. ज्याने स्वतः ट्रॅक आखला त्याला पेडल बंद पडले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरावी लागत नाही.

म्हणून माझा आग्रह शिक्षणसंस्थांकडे आहे. शेगावला १९८३ पासून संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला बोर्ड बनवण्याचे प्रात्यक्षिक करावे लागते. बहुतेकदा त्यातून लुकलुकणारा दिवा किंवा पाच व्होल्टचा सप्लाय तयार होतो आणि वही तपासून झाली की कपाटात जातो. त्याच शीटवर, त्याच फेरिक क्लोराइडमध्ये फझ करता येईल. ट्रान्झिस्टरचा बायस-व्होल्टेज चुकला तर कानाला कळेल, ग्राउंड चुकला तर घरघर सांगेल, ऑसिलोस्कोपवर छाटलेली लाट डोळ्यांनी दिसेल. आणि तयार झालेली वस्तू गावातला बेंजोवाला, भजनी मंडळातला हौशी गिटारवाला घेऊन जाईल, वाजवेल आणि सुधारून मागेल. विद्यार्थ्याला इतका कडक आणि इतका उपयोगी परीक्षक दुसरा मिळणार नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात वादक आहेत, दुरुस्तीची दुकाने आहेत, प्रयोगशाळा आहेत. या तिघांना एका बोर्डावर आणायचे काम तेवढे बाकी आहे आणि ते याच सत्रात सुरू होऊ शकते.