रिकामा पट, जड चाल

गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत बुद्धिबळाचा डाव रंगलेला असतो आणि वजीर गेले की निम्मे बघे उठतात. "राहिलंय काय आता पटावर? बरोबरी!" याच गिरगावातल्या दैनिक ‘नवाकाळ’च्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी खाडिलकर बहिणी राष्ट्रीय विजेत्या झाल्या, रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेतीही. त्या घरात वजीर गेल्यावर कुणी उठत असेल, असं मला वाटत नाही.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा, शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. पांढरी मोहरी चीनच्या डिंग लिरेनकडे, काळी भारताच्या अठरा वर्षांच्या गुकेशकडे. वजीर इथेही केव्हाच गेलेले. पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट; गुकेशची दोन प्यादी, डिंगचं एक. प्यादं जास्त असलं तरी डाव बरोबरीचाच होता. गुकेश मात्र चिवटपणे खेळत राहिला.

५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला. घे, हत्तीला हत्ती! मारामारी झाली की पट आणखी मोकळा आणि बरोबरी आणखी जवळ, हा हिशेब वरवर चोख. पण त्याचा उंट पार कोपऱ्यात होता, ए-८ वर. पटाच्या मध्यावरच्या उंटाला चार दिशा असतात, कोपऱ्यातल्याला एकच तिरकी वाट. हत्ती मारले गेले आणि गुकेशने आपला उंट नेमका त्या वाटेवर, डी-५ वर आणून ठेवला. त्याला जोर राजाचा. आता पांढरा उंट जागेवर राहिला तरी मरतो, सरकला तरी मरतो, आणि त्याने मारलं तर काळा राजा त्याला मारतो. गंमत म्हणजे ही संधी पहिल्या नजरेत गुकेशलाही दिसली नव्हती!

उंटही गेले. उरले दोन राजे आणि तीन प्यादी. ५८व्या चालीला काळा राजा ई-५ वर आला. समोर ई-३ वर पांढरा राजा, मधे एकच घर. राजाला राजाच्या शेजारी जाता येत नाही आणि बुद्धिबळात पाळी सोडताही येत नाही. त्यामुळे अशा वेळी राजाच हलवायची पाळी ज्याच्यावर येते, त्याला वाट द्यावी लागते. पाळी डिंगची होती. त्याने डाव सोडला.

हत्ती होते तोवर हेच जादा प्यादं जवळजवळ कुचकामी होतं. बचाव करणाऱ्याचा हत्ती लांबून शह देत राहतो, प्याद्याला मागून अडवतो. तो गेला की सगळं काम राजाच्या अंगावर पडतं, आणि राजा एका वेळी एकच घर चालतो. म्हणजे एका मारामारीने पट नुसता मोकळा होत नाही, गणितच बदलतं. आणि मारलेला हत्ती काही परत मांडता येत नाही.

पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०२५ ला, जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीसमोर बसली होती. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात पट रिकामा होत गेला, एंडगेम आला, घड्याळ पळत राहिलं, दोघीही चुकल्या. शेवटची चूक हम्पीची. काळ्या मोहऱ्यांनी जिंकून दिव्याने विश्वचषक घेतला आणि त्याच्याबरोबर थेट ग्रँडमास्टर किताबही. त्यानंतर ती काय म्हणाली? एंडगेम शिकायला हवा.