दुर्बीण कोणती घ्यावी?

गावाने वर्गणी काढून शाळेसाठी दुर्बीण घ्यायची ठरवली, की दुकानात पहिला प्रश्न येतो, "भिंगाची देऊ की आरशाची?" वर्गणीचा पैसा कष्टाचा असतो. म्हणून घरून निघण्याआधीच दोन्हींतला फरक समजून घेतलेला बरा.

भिंगाची दुर्बीण जुनी. इटलीत गॅलिलिओने १६०९ साली ती स्वतः बनवून आकाशाकडे लावली. पुढच्याच वर्षी त्याला गुरूचे चार चंद्र दिसले. हिच्या पुढच्या तोंडाला भिंग असते. ते उजेड गोळा करते. आपण मागच्या टोकाने पाहतो. पण साध्या भिंगातून रंग फुटतात. चंद्राच्या काठाला जांभळी किनार दिसते. दोन भिंगे जोडून हा दोष पुष्कळ कमी करतात.

इंग्लंडमध्ये न्यूटनने १६६८ साली निराळी तोड काढली. त्याने भिंगाच्या जागी आरसा वापरला. आरशावरून उजेड नुसता माघारी फिरतो, रंग फुटत नाहीत. या दुर्बिणीत नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो, वर एक लहान तिरपा आरसा. पाहायचे ते नळीच्या बाजूने.

आता मुख्य गोष्ट. पाऊस पडत असता अंगणात एक वाटी ठेवा नि एक परात ठेवा. पाणी जास्त कशात साठेल? ताऱ्यांच्या उजेडाचेही तसेच आहे. दुर्बिणीचे तोंड ३ इंचांऐवजी ६ इंच झाले, तर उजेड दुप्पट नव्हे, चौपट मिळतो. दुकानदार म्हणेल, "चारशे पट मोठे दिसेल." तिकडे लक्ष देऊ नका. तोंड किती रुंद, ते विचारा. भिंगाची दोन्ही अंगे घासावी लागतात, काच आतूनही निर्मळ लागते. आरशाचे एकच अंग घासले की झाले. म्हणून तेवढ्याच पैशांत आरशाची दुर्बीण बहुधा रुंद तोंडाची मिळते. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे २००६ साली मोठी दुर्बीण सुरू झाली. तिचा आरसा २ मीटर रुंद आहे!

मात्र आरशाची निगा राखावी लागते. धक्का लागला तर आरसे पुन्हा जुळवावे लागतात. वरचा मुलामा नाजूक असतो. धोतराच्या सोग्याने पुसलात, तर चरे पडलेच म्हणून समजा. भिंगाच्या दुर्बिणीला एवढा व्याप नाही.

माझे मत विचाराल, तर गावात सांभाळणारा एक तरी जाणता माणूस असेल, तर आरशाचीच घ्या. खेड्यातला काळोख शहराला मिळत नाही. अशा काळोखात मृगाच्या तीन ताऱ्यांजवळचा धुरकट तेजोमेघ छान दिसतो. दुर्बीण दहा हातांत फिरणार असेल, तर भिंगाची बरी. चंद्रावरचे खड्डे नि शनीचे कडे लहान दुर्बिणीतूनही दिसते.

कोणतीही घ्या, तिवई हलवून पाहा. ती डगमगली तर ताराही नाचतो. काही दुर्बिणींतून चित्र उलटे दिसते, म्हणून ती परत करायला धावू नका. आकाशाला वर-खाली कुठले?

आणि दुर्बीण सूर्याकडे कधीही लावू नका. एका क्षणात डोळा जातो. दिवसा ती कपाटात कुलूपबंद ठेवावी.