आठ हजार माणसं, सात विमानं

व्हिडिओत एअर नाउरूचं उदाहरण घाईत उरकलं होतं. इथे जरा निवांत बघू. फिक्स कॉस्ट समजवायला यापेक्षा चांगली केस मला तरी सापडलेली नाही.

नाउरू हा पॅसिफिक महासागरातला देश. अख्खा देश २१ चौरस किलोमीटर! बोरिवलीच्या नॅशनल पार्कात असे चार देश आरामात मावतील. १९६८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जमिनीत फॉस्फेट होतं, म्हणजे खताचा कच्चा माल. पैसा धो धो आला आणि १९७० मध्ये सरकारने स्वतःची एअरलाइन सुरू केली.

इथपर्यंत निर्णय बरोबरच होता, हे मी ठामपणे सांगतो. ब्रिस्बेन तीन हजार किलोमीटरच्या पुढे, मोठं जहाज धक्क्याला लागेल असं बंदर तेव्हा नव्हतं. तिथे विमान म्हणजे चैन नव्हे. पेशंट, औषधं, टपाल, सगळं त्याच्या भरवशावर.

गडबड पुढे झाली. १९८० च्या दशकात ताफा ७ विमानांवर गेला, आणि लोकसंख्या जेमतेम ८ हजार. देशातला दर दहावा माणूस एकाच वेळी विमानात बसू शकला असता! हाँगकाँग, मनिला, जपानपर्यंत रूट. सीटा मात्र रिकाम्या.

आता हिशोब बघा. समजा विमानात १०० सीटा आहेत आणि ६० विकल्या की खर्च निघतो. बसले २०. उरलेल्या ४० सीटांचे पैसे कोण भरणार? फॉस्फेट. विमान उडो वा उभं राहो; हप्ता, विमा, पायलटचा पगार, मेंटेनन्स थांबत नाही. (एका टेम्पोपुरत्या ऑर्डरवर तीन टेम्पो घेणारे आपल्याकडेही आहेत. विचारलं तर म्हणतात, "मार्केटमध्ये नाव दिसतं ना सर!")

फॉस्फेट संपत आलं आणि विमानं एकेक करून गेली. शेवटचं एक बोइंग ७३७ राहिलं, तेही कर्जावर. हप्ते थकले. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या एक्झिम बँकेने ते जप्त केलं. देशाकडे स्वतःचं एकही विमान उरलं नाही. दुकानाचं शटर पडलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं. इथे शेजारी कोण? समुद्र.

२००६ मध्ये तैवानच्या मदतीने एक जुनं ७३७ आलं आणि 'अवर एअरलाइन' या नावाने सेवा पुन्हा सुरू झाली. नाव बघा, 'आपली एअरलाइन'! २०१४ मध्ये ती नाउरू एअरलाइन्स झाली.

यावेळी कमाईची पद्धत मात्र बदलली. नुसत्या आपल्या पॅसेंजरवर भिस्त नाही. किरिबाटी, मार्शल बेटं अशा शेजाऱ्यांना जोडणारे रूट आहेत, विमान चार्टरवर दिलं जातं, आणि ताफ्यात मालवाहू ७३७ सुद्धा आहे. नाउरूत राहणारी माणसं आजही बारा हजारांच्या आसपासच आहेत.